ठिपका कुठे टाकायचा, ते आधी ठरवा

प्रति,
साथीच्या फैलावाचे नकाशे आणि अंदाज तयार करणारे सर्व संशोधक,
तसंच त्या अंदाजांवरून आदेश काढणारे सर्व आरोग्य अधिकारी

विषय: रुग्णनोंदीतल्या ‘ठिकाण’ या रकान्याबाबत

स.न.वि.वि.

तुमचे नकाशे ज्या नोंदींवर उभे असतात, त्या तपासायचं काम मी करते. प्रत्यक्ष फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी भरलेले फॉर्म वाचायचे, चुका काढायच्या, रिकाम्या रकान्यांसाठी फोन करायचे आणि सगळं नीटनेटकं करून वर पाठवायचं. काही दिवसांनी तीच माहिती रंगीत नकाशा होऊन खाली येते. लाल, नारिंगी, पिवळा, आणि पुढच्या दोन आठवड्यांत लाल रंग कुठे सरकणार याचा बाण. नकाशा देखणा असतो, त्यात वाद नाही. बैठकीत तो पडद्यावर आला की चर्चा बंद होते आणि माना डोलायला लागतात. त्या डोलणाऱ्या मानांची मला धास्ती वाटते, म्हणून हे पत्र.

भौगोलिक माहितीवरून साथीचा अंदाज बांधता येतो, यावर माझा विश्वास आहे. उपग्रह पाऊस आणि हिरवळ मोजतात, मोबाईलवरून लोकांची ये-जा कळते, विमानांची वेळापत्रकं हाताशी असतात, आणि हे सगळं एकत्र करायला लागणारी गणितं तुमच्याकडे आहेत. माझं म्हणणं या सगळ्याच्या आधीचं आहे. रुग्णाचा ठिपका नकाशावर कुठे टाकायचा, हे आपण अजून नीट ठरवलेलं नाही. आणि ते ठरत नाही तोवर मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारं तुमचं गणित, कितीही सुधारलं तरी फार फरक पडणार नाही, असं मला वाटतं.

एक फॉर्म उघडून दाखवते. टॅबलेटवर नाव, वय, लक्षणं, तपासणीची तारीख असे रकाने. खाली ‘ठिकाण’ नावाचं बटण. ते दाबलं की टॅबलेट स्वतःचे अक्षांश-रेखांश टिपून घेतो. रुग्णाचे नव्हे, टॅबलेटचे! कर्मचाऱ्यानं फॉर्म रुग्णाच्या दारात उभं राहून भरला असेल तर ठीक. पण दिवसभराची धावपळ संपवून केंद्रावर परतल्यावर, वहीतून बघून, एकामागून एक फॉर्म भरले असतील, तर त्या दिवसाचे सगळे रुग्ण केंद्राच्या एकाच खोलीत ‘राहायला’ येतात. नकाशावर तिथे लालभडक डाग पडतो. मॉडेलला तो उद्रेक वाटतो. ती असते फक्त फॉर्म भरायची जागा.

दुसरा प्रकार त्याहून गमतीचा. जीपीएसला सिग्नल मिळाला नाही की काही ॲप त्या जागी गुपचूप शून्य भरतात. 0 अक्षांश आणि 0 रेखांश जिथे मिळतात ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. जगभरच्या नोंदींमध्ये तिथे नित्यनेमानं रुग्ण सापडत असतात. कधी अक्षांशाच्या जागी रेखांश पडतो आणि आख्खी वस्ती दुसऱ्या खंडात जाते. कधी नुसतं गावाचं नाव लिहिलेलं असतं, मग संगणक गावाच्या हद्दीचा मध्यबिंदू काढतो आणि तो नेमका तळ्यात पडतो.

पण या चुका सापडतात. समुद्रातला रुग्ण कुणीही ओळखेल. खरी अडचण त्या ठिपक्याची, जो अगदी बरोबर ठिकाणी पडलेला असतो आणि तरीही दिशाभूल करतो. रुग्णाचा पत्ता अचूक असतो, घर अचूक असतं, फक्त त्याला लागण तिथे झालेली नसते.

नकाशावरून साथ ओळखण्याची गोष्ट निघाली की सगळे जॉन स्नो या इंग्लिश डॉक्टरचं नाव घेतात. लंडन, 1854 ची कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, भोवती दाटलेल्या मृत्यूंच्या रेघोट्या. ती गोष्ट अशी सांगितली जाते की स्नोनं नकाशा काढला, रेघोट्या एका पंपाभोवती दिसल्या, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. घडलं ते थोडं वेगळं. दांडा 8 सप्टेंबरला काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, आणि तो प्रसिद्ध नकाशा नंतर तयार झाला. शिवाय स्नोचा सगळ्यात जोरदार पुरावा त्या गर्दीच्या बाहेर होता. हॅम्पस्टेडमध्ये, म्हणजे ब्रॉड स्ट्रीटपासून कितीतरी दूर, एक विधवा कॉलऱ्यानं गेली. कित्येक महिन्यांत ती त्या भागात फिरकली नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, आणि रोज गाडीतून त्या पाण्याची मोठी बाटली तिच्या घरी यायची. तिच्याकडे आलेली भाची तेच पाणी प्यायली, इस्लिंग्टनला घरी परतली आणि तिथे दगावली. उलट पंपापासून जवळच असलेल्या अनाथ-निराधारांच्या वर्कहाऊसमध्ये 535 माणसं राहत होती आणि त्यांतली फक्त 5 गेली, कारण तिथे स्वतःची विहीर होती.

आजच्या मॉडेलमध्ये या दोन नोंदींचं काय होईल? हॅम्पस्टेडचा ठिपका ‘अपवाद’ म्हणून गाळला जाईल, नाहीतर त्याच्याभोवती धोक्याचं नवं वर्तुळ काढलं जाईल. वर्कहाऊस आसपासच्या रंगात मिसळून लाल होईल. स्नोला दोन्हींचा अर्थ लागला, कारण त्यानं दारोदार जाऊन ‘पाणी कुठलं पिता?’ असं विचारलं. आपल्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 1999 च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल या गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या एका बुडबुड्यांच्या गरम टबातून लिजिओनेला जंतू असलेले बारीक तुषार हवेत उडाले. प्रदर्शन बघून लोक देशभरातल्या आपापल्या घरी गेले आणि मग आजारी पडले. किमान 32 जण दगावले. घराच्या पत्त्यावर ठिपके टाकले असते तर देशभर विखुरलेले, एकमेकांशी काही संबंध नसलेले रुग्ण दिसले असते. ‘गेल्या काही दिवसांत कुठे गेला होता?’ या प्रश्नावर मात्र सगळे ठिपके एका मंडपात येऊन पडतात.

आता माझा मुख्य मुद्दा. ठिपका कुठे टाकायचा याचं उत्तर प्रत्येक रोगासाठी वेगळं आहे, आणि फॉर्म मात्र सगळ्यांसाठी एकच आहे.

मलेरियाचा ॲनोफिलीस डास मुख्यतः रात्री चावतो, त्यामुळे रुग्ण झोपतो कुठे, हे महत्त्वाचं. तिथे घराचा पत्ता बऱ्यापैकी कामाला येतो, अर्थात तो माणूस त्या काळात घरीच झोपत असेल तर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि आयुष्यात सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. तो जात नाही, म्हणून विषाणूला लांब नेण्याचं काम माणसं करतात. पेरूमधल्या इकितोस शहरात संशोधकांनी डेंग्यूच्या रुग्णांची रोजची ये-जा तपासली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की लागण पसरवण्यात लोकांचं एकमेकांच्या घरी जाणं-येणं फार मोठा वाटा उचलतं. तरीही डेंग्यूचा रुग्ण सापडला की आपण काय करतो? त्याच्या घराभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ काढतो आणि त्यात धूर फवारतो. तो दिवसभर जिथे बसतो ती जागा वर्तुळाच्या बाहेरच राहते.

काळाचंही तसंच. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, ज्याला आपण अधिशयन काळ म्हणतो, कॉलऱ्यात काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. गोवरात दहा ते चौदा दिवसांच्या आसपास. इबोलात दोन ते एकवीस दिवस. म्हणजे कॉलऱ्याच्या रुग्णाला गेल्या पाच दिवसांचा हिशोब विचारायला हवा आणि इबोलाच्या रुग्णाला तीन आठवड्यांचा. माझ्याकडे येणाऱ्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न असतो, ‘प्रवासाचा इतिहास: होय / नाही’. याचं उत्तर बहुतेकांचं ‘नाही’. का? कारण रोज कामाला दुसऱ्या गावी जाणं याला कुणी प्रवास म्हणत नाही. प्रवास म्हणजे बॅग भरून जाणं. प्रश्न असा विचारला की उत्तर असंच येणार. त्याऐवजी ‘गेल्या अमुक दिवसांत रात्री कुठे झोपलात, दिवसा कुठे होता, पाणी कुठलं प्यायलात’ हे तीन साधे प्रश्न, रोगानुसार दिवसांचा आकडा बदलून, फॉर्मवर टाकता येतील. कर्मचाऱ्याची पाच मिनिटं जास्त जातील. त्या पाच मिनिटांची किंमत मला ठाऊक आहे, कारण ती आमच्याच दिवसातून निघणार. तरी मागते आहे.

ठिपक्यांनंतर अंतराकडे येते. दोन ठिकाणं जवळ आहेत असं तुमचं मॉडेल म्हणतं तेव्हा ते बहुधा सरळ रेषेत मोजलेलं असतं. रोग सरळ रेषेत चालत नाही. मधे डोंगर असेल तर शेजारची दोन गावं महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलतही नाहीत, आणि नदीच्या वरच्या अंगाला घडलेली गोष्ट खालच्या गावात काही दिवसांत पोचते. हैतीमध्ये ऑक्टोबर 2010 मध्ये कॉलरा उसळला. जानेवारीत भूकंप झाला होता, म्हणून सुरुवातीला अनेकांच्या नजरा भूकंपग्रस्त भागाकडे आणि समुद्राच्या पाण्याकडे गेल्या. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी रुग्णांच्या तारखा आणि ठिकाणं एकाखाली एक मांडली, तेव्हा रेघ समुद्राकडून आत न येता मेई नावाच्या ओढ्यावरून आर्तिबोनीत नदीत आणि तिथून खाली जाताना दिसली. ओढ्याच्या काठावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा तळ होता आणि तिथलं सांडपाणी ओढ्यात जात होतं. त्या साथीत पुढे आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले. इथे कामाला आलं ते पाण्याच्या वाटेनं मोजलेलं अंतर.

विमानानं पसरणाऱ्या रोगात याच्या उलट होतं, हजारो किलोमीटरवरचं शहर शेजारच्या गावापेक्षा जवळचं ठरतं. डर्क ब्रोकमान आणि डर्क हेल्बिंग यांनी 2013 मध्ये दाखवलं की दोन शहरांमधलं अंतर किलोमीटरऐवजी विमानप्रवाशांच्या वर्दळीवरून मोजलं, तर 2003 चा सार्स आणि 2009 चा फ्लू कुठे केव्हा पोचला याचा मेळ बऱ्यापैकी बसतो. हे काम मला फार आवडतं. गोवराबाबत तर त्याही आधी, 2001 मध्ये, इंग्लंड आणि वेल्सच्या जुन्या नोंदींवरून दिसलं होतं की साथीच्या लाटा मोठ्या शहरांतून निघून लहान गावांकडे सरकतात, कारण गोवर सतत टिकून राहायला साधारण अडीच-तीन लाखांची वस्ती लागते. लहान गावात तो विझतो आणि शहरातून पुन्हा येतो. असं ज्ञान हाताशी असताना रोजच्या कामातल्या नकाशांवर अजूनही कंपासनं काढलेली गोल वर्तुळं का असतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा. स्नोनंसुद्धा 1855 च्या नकाशात पंपापर्यंतचं अंतर रस्त्यानं चालत जाण्याच्या हिशोबानं आखलं होतं.

आता एका रंगाबद्दल. पांढऱ्या.

नकाशावर जिथे रुग्ण नाहीत तो भाग पांढरा असतो. जिथे तपासणीच झालेली नाही तो भागही पांढराच असतो. बैठकीत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखे दिसतात आणि तो दोन्हींना ‘सुरक्षित’ म्हणतो. मी नोंदी बघते म्हणून मला माहीत असतं की अमुक भागातून गेल्या महिन्यात एकही फॉर्म आलेला नाही, कारण तिथलं कर्मचाऱ्याचं पद रिकामं आहे, किंवा तपासणी किट संपली आहेत, किंवा केंद्रापर्यंत जायला रस्ताच नाही. रुग्ण रस्त्याच्या कडेनं सापडतात, कारण आपण रस्त्याच्या कडेनं शोधतो. मॉडेलला हे कुणी सांगत नाही. ते शिकतं की दुर्गम भागात रोग कमी असतो, मग तिकडे किट कमी पाठवायची शिफारस करतं, मग तिथून आणखी कमी रुग्ण सापडतात. पुढच्या वर्षी तोच अंदाज खरा ठरलेला दिसतो!

मागणी सोपी आहे. ‘शून्य रुग्ण’ आणि ‘माहिती नाही’ यांना वेगवेगळे रंग द्या. दुसऱ्यासाठी करड्या तिरप्या रेषा वापरा, म्हणजे पडद्यावर लांबूनही कळेल. आणि रुग्णांच्या नकाशाशेजारी तपासण्यांचा नकाशा ठेवायची सक्ती करा.

लहान वस्त्यांचं गणितही असंच फसवं. दोनशे माणसांच्या पाड्यात एक रुग्ण सापडला तर रुग्णांचा दर लाखामागे 500 होतो आणि पाडा गडद लाल. वीस हजारांच्या गावात पन्नास रुग्ण असले तरी दर 250, म्हणजे रंग फिका. पुढच्या महिन्यात पाड्यातला रुग्ण बरा होतो आणि पाडा थेट पांढरा. यावर शेजारच्या भागांची मदत घेऊन दर सावरायच्या पद्धती आहेत, तुम्हाला त्या माझ्यापेक्षा चांगल्या माहीत आहेत. हद्दी बदलल्या की रंग बदलतात, हेही माहीत आहे. वापरत जा, एवढंच.

मोबाईलच्या माहितीबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. केनियात 2008-09 या वर्षभरातल्या सुमारे दीड कोटी मोबाईलच्या हालचाली मलेरियाच्या नकाशाशी जोडून बघितल्या गेल्या आणि 2012 मध्ये त्यातून दिसलं की नैरोबीत बाहेरून येणाऱ्या लागणीचा मोठा भाग व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून येतो. म्हणजे नैरोबीतल्या कित्येक ठिपक्यांचं मूळ नैरोबीत नव्हतं. माझा सगळा मुद्दा याच एका अभ्यासावर मांडता आला असता. पण मोबाईल मोठ्या माणसांकडे असतो आणि मलेरियानं सगळ्यात जास्त मरतात ती पाच वर्षांखालची मुलं. सिमकार्ड कुठे गेलं हे कळतं, कडेवरचं मूल बरोबर होतं का, ते कळत नाही.

आणि दुसरी बाजू. 2013 मध्ये पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी, नावं काढून टाकून, तपासल्या गेल्या. कुठल्या वेळी कुठल्या टॉवरजवळ, अशा फक्त चार नोंदी हाती असल्या तर 95 टक्के माणसं एकमेवपणे वेगळी काढता येतात, असं निघालं. ‘नाव काढलंय, आता काळजी नाही’ हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की यापुढे ते ऐकलं की या आकड्याची आठवण करून देणार आहे. दक्षिण कोरियात 2020 मध्ये कोविड रुग्णांच्या फिरण्याचे तपशील जाहीर केले जात होते. लोकांनी त्यावरून माणसं ओळखायला सुरुवात केली, टिंगल झाली, बदनामी झाली. मे महिन्यात सोलच्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून साथ पसरली तेव्हा समलिंगी लोक तपासणीला यायला घाबरले, आणि नाव न सांगता तपासणीची सोय करावी लागली.

म्हणून मी वर मागितलेले तीन प्रश्न फॉर्मवर आले तर त्यांची उत्तरं नकाशावर जशीच्या तशी जाता कामा नयेत. तपासकर्त्याला घर दिसू द्या. मॉडेलला घराऐवजी आसपासचा चौकोन पुरे. जनतेला त्याहून मोठा चौकोन. ठिपका मुद्दाम थोडा हलवून दाखवायच्या पद्धतीही आहेत, पण विरळ वस्तीत हलवलेला ठिपकाही त्याच एका घराकडे बोट दाखवतो, हे विसरू नका. रुग्ण खरं सांगतो ते समोरच्या कर्मचाऱ्यावर विश्वास असतो म्हणून. तो विश्वास एकदा गेला की पुढच्या साथीत सगळ्यांची उत्तरं ‘घरीच होतो’.

आता अंदाजांकडे. तुम्ही अंदाज सांगता, तो बरोबर ठरला का हे कोण बघतं?

इंटरनेटवरच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारं गूगल फ्लू ट्रेंड्स 2008 मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झालं. 2012-13 च्या हंगामात त्याचा आकडा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट गेला, आणि 2015 मध्ये ते बंद झालं. त्याला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. ते चुकलं हे कळलं, कारण शेजारी मोजमापाची पारंपरिक व्यवस्था चालू होती. जिथे नवं मॉडेल आलं म्हणून जुनी मोजणी बंद करायची टूम निघते, तिथे चूक कधीच कळणार नाही.

इबोलाचं उदाहरण जास्त अवघड आहे. सप्टेंबर 2014 मध्ये याच अमेरिकी केंद्रानं सांगितलं की काहीच केलं नाही तर लायबेरिया आणि सिएरा लिओन या दोन देशांत जानेवारी 2015 पर्यंत, न नोंदलेले धरून, 14 लाखांपर्यंत रुग्ण होऊ शकतात. पश्चिम आफ्रिकेतली ती साथ संपली तेव्हा एकूण रुग्ण सुमारे 28,600 आणि मृत्यू 11,300 च्या आसपास होते. अंदाज फसला, असं बरेच जण म्हणाले. पण त्यात ‘काहीच केलं नाही तर’ असं होतं, आणि तो आकडा जाहीर झाल्यावर जगानं बरंच काही केलं. लोकांनी स्वतःचं वागणंही बदललं. मग हे भाकीत होतं की इशारा? ज्यानं आकडा दिला त्यानं हे पहिल्याच ओळीत सांगावं. ‘असं होईल’ आणि ‘हात बांधून बसलो तर असं होईल’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि पहिल्याचा हिशोब नंतर मागता येतो. अमेरिकेत फ्लूसाठी 2013 पासून तसा हिशोब सुरू झाला. वेगवेगळे गट आपापले अंदाज आधी जमा करतात आणि हंगाम संपल्यावर सगळ्यांचे गुण मांडले जातात. अनेक मॉडेलांचा मिळून काढलेला अंदाज बहुतेक एकट्या मॉडेलांपेक्षा सरस ठरतो, हे त्यातून दिसलं. आपल्या नकाशांनाही असे गुण द्या. लाल बाण जिथे दाखवला होता तिथे रुग्ण आले का, आणि जिथे आले तिथे बाण होता का. वर्षातून एकदा, जाहीरपणे.

शेवटी अधिकाऱ्यांसाठी, कारण सगळा दोष मॉडेलवाल्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. 2006 च्या शरदात उपग्रहांवरून समुद्राचं तापमान, पाऊस आणि हिरवळ बघून पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली तापाचा इशारा दिला गेला. या रोगाचं तंत्र नीट माहीत आहे. मुसळधार पावसानं सखल खळगे भरतात, त्यात आधीच घातलेली एडिस डासांची अंडी फुटतात, जनावरांना लागण होते आणि त्यांच्याकडून माणसांना. इशारा साथीच्या दोन ते सहा आठवडे आधी आला होता, आणि जागाही बऱ्याच अंशी बरोबर होत्या. तरी जनावरांचं लसीकरण साथ पसरल्यावरच सुरू झालं. केनियात दीडशेहून अधिक माणसं दगावली. इथे ठिपका बरोबर होता आणि बाणही. हातात कागद आल्यावर कुणी, किती खात्री वाटल्यावर, कुठला साठा हलवायचा, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. पुढच्या वेळी अंदाज मागवाल तेव्हा त्याच्याबरोबर हे एक पान आधी तयार ठेवा: संभाव्यता इतकी झाली तर लस निघेल, इतकी झाली तर नुसता दक्षतेचा आदेश. ते पान नसेल तर नकाशा मागवू नका, आमची पाच मिनिटं वाचतील.

फॉर्मचा नवा मसुदा लवकरच येणार असं ऐकते आहे. तो पक्का करण्याआधी आमच्यातल्या काही जणांना खऱ्या रुग्णांसमोर, खऱ्या घाईत, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी एकदा भरून बघू द्या. आणि ‘ठिकाण’ हा एक रकाना काढून तिथे तीन करा: झोपतो कुठे, दिवसा असतो कुठे, फॉर्म भरला कुठे. तिसरा माझ्यासाठी, चुका पकडायला. बाकी दोन तुमच्यासाठी.

आपली नम्र,
रोगसर्वेक्षणाच्या नोंदी तपासणारी एक कर्मचारी